कर्नलचं घड्याळ मागे का पडतंय: इंटरप्टच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

आजपासून तारीख टाकून लिहायचं ठरवलंय, कारण मागच्या महिन्यात काय काय केलं ते आठवतंय पण कुठल्या क्रमाने केलं ते अजिबात आठवत नाहीये. आत्ताची परिस्थिती अशी की माझा छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरने केलेल्या नकली कॉम्प्युटरवर) बूट होतो, ३२ बिटच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये जातो, स्क्रीनवर एक ओळ छापतो आणि मग तिथेच लूपमध्ये फिरत राहतो. बाहेरच्या जगाचा त्याला पत्ताच नाही, कीबोर्डची की दाबा नाहीतर तासभर थांबा, त्याला काहीच फरक पडत नाही. म्हणजे पुढचं काम इंटरप्ट, बाहेरच्या उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक.

वाचून जे समजलं ते माझ्या शब्दात लिहून ठेवते. प्रोसेसर प्रत्येक इन्स्ट्रक्शन संपली की बघतो इंटरप्टची लाइन वर आहे का, आणि फ्लॅग रजिस्टरमधला आयएफ बिट (इंटरप्ट घ्यायचे की नाही ते ठरवणारा) चालू आहे का. दोन्ही हो असेल तर तो इंटरप्ट कंट्रोलरकडून एक नंबर घेतो, चालू कामाचे फ्लॅग्ज, सीएस (कोडचा सेगमेंट) आणि पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या थप्पीवर ठेवतो, आणि नंबरवरून टेबलात बघून हँडलरला, म्हणजे त्या इंटरप्टसाठी लिहिलेल्या कोडला उडी मारतो. १९७८ च्या ८०८६ मध्ये हे टेबल मेमरीच्या अगदी सुरुवातीला होतं, २५६ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट, बरोब्बर १ केबी. २८६ पासून प्रोटेक्टेड मोडमध्ये प्रत्येक नोंद ८ बाइटची आणि टेबल कुठेही ठेवा, पत्ता प्रोसेसरला सांगितला की झालं. ही आयडीटी, इंटरप्ट डिस्क्रिप्टर टेबल. उद्या भरायची.

१५ जून, रविवार

आयडीटी भरली, ब्रेकपॉइंटचा इंटरप्ट ३ मुद्दाम मारून बघितला, हँडलर चालला, परत आला, मस्त. मग मुद्दाम पेज फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या पत्त्याला हात लावण्याची चूक) केला आणि क्यूएमू रिसेट, परत बूट, परत रिसेट, थांबेचना.

दुपारची झोप सोडून शोधलं तेव्हा सापडलं. काही एक्सेप्शनना (प्रोसेसर स्वतःच उठवतो त्या इंटरप्टना) प्रोसेसर स्टॅकवर एक जादा एरर कोड टाकतो, म्हणजे ८, १० ते १४ आणि १७ ला, बाकी जुन्या एक्सेप्शनना टाकत नाही. पेज फॉल्ट १४ नंबरचा. माझा हँडलर सगळ्यांना एकच समजून आयरेट (हँडलरमधून परतायची इन्स्ट्रक्शन) करत होता, मग स्टॅक ४ बाइटनी सरकलेला, आयरेट चुकीचा पत्ता उचलणार, त्यातून जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, त्याचीही तीच गत, असं करत करत ट्रिपल फॉल्ट, आणि ट्रिपल फॉल्ट झाला की मशीन सरळ रिसेट. आता ज्यांना एरर कोड नसतो त्यांच्या स्टबमध्ये (हँडलरच्या आधीच्या छोट्या तुकड्यात) मीच एक शून्य ढकलते, म्हणजे सगळ्यांचा स्टॅक सारखा दिसतो. आणि क्यूएमूला इंटरप्टचा लॉग काढायचा आणि रिबूट करायचं नाही असे दोन ऑप्शन देता येतात, ते आधी माहीत असते तर दोन तास वाचले असते.

२१ जून, शनिवार

आज पीआयसी, म्हणजे ८२५९ ही इंटरप्ट कंट्रोलरची चिप. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एकच चिप होती, ८ लाइन. १९८४ च्या पीसी एटीमध्ये दुसरी जोडली आणि ती पहिलीच्या लाइन २ ला लावली, त्यामुळे १६ नाही तर १५ लाइन वापरता येतात. भानगड अशी की इंटेलने ० ते ३१ नंबर स्वतःच्या एक्सेप्शनसाठी राखून ठेवले होते आणि पीसीच्या बायॉसने (बोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमने) लाइन ० ते ७ नेमक्या ८ ते १५ वर बसवल्या. ८ म्हणजे डबल फॉल्ट. तसंच ठेवलं तर टाइमरची प्रत्येक टिक प्रोटेक्टेड मोडमध्ये डबल फॉल्ट म्हणून येणार, म्हणून पहिलं काम म्हणजे दोन्ही चिपना नवीन सुरुवातीचा नंबर सांगायचा, मी ३२ आणि ४० दिले. म्हणजे टाइमर ३२, कीबोर्ड ३३.

संध्याकाळी कीबोर्ड. ए दाबलं तर पोर्ट हेक्स ६० वरून (हेक्स म्हणजे सोळाच्या पायातले आकडे) १ई आलं, इतका आनंद झाला की आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अगं पण ए कुठेय?" तिला सांगितलं की हा त्या कीचा नंबर आहे, अक्षर आपण करायचं. की सोडली की ९ई यायला पाहिजे होतं ते आलंच नाही, आणि त्यानंतर काहीही दाबा, कीबोर्ड गप्प. पण टाइमर मात्र चालू होता.

हा टाइमर चालू असणं हाच पुरावा होता, ते मला उशिरा कळलं. हँडलर संपायच्या आत पीआयसीला पोचपावती द्यावी लागते, पोर्ट हेक्स २० वर हेक्स २० लिहायचं, ईओआय म्हणतात. ती दिली नाही तर कंट्रोलर समजतो लाइन १ चं काम अजून चालू आहे, आणि लाइन १ व तिच्या खालच्या प्राधान्याच्या सगळ्यांना थोपवून धरतो. टाइमर लाइन ० वर, त्याचं प्राधान्य वरचं, म्हणून तो येत राहिला. टाइमरच्या हँडलरमध्ये ईओआय लिहिलं होतं, कीबोर्डच्या हँडलरमध्ये राहून गेलं होतं. एक ओळ टाकली आणि ९ई आलं.

२८ जून, शनिवार

टाइमरची चिप, पीआयटी, सेकंदाला ११,९३,१८२ वेळा मोजते. हा विचित्र आकडा कुठून आला ते वाचून बरं वाटलं, पीसीच्या बोर्डवर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, जो अमेरिकन रंगीत टीव्हीच्या कलर सिग्नलच्या चौपट, आणि त्याला १२ ने भागलं की हा आकडा. मला सेकंदाला १०० टिक हव्यात, म्हणून भाजक ११९३२, मोड २. न सांगता सोडलं तर ६५५३६ ने भागतो आणि सेकंदाला १८.२ टिक येतात.

प्रत्येक १०० टिकना एक स्टेटसची ओळ, ८० अक्षरांची, स्क्रीनवर आणि सिरियल पोर्टवर (एकेक बिट तारेवरून दुसऱ्या मशीनला पाठवणारा) दोन्हीकडे. त्यात माझ्या टिकचं घड्याळ आणि शेजारी बोर्डवरच्या आरटीसीचं (मशीन बंद असतानाही चालणाऱ्या चिपचं) घड्याळ, पोर्ट ७०-७१ वरून वाचलेलं. आरटीसीचा क्रिस्टल वेगळा आणि त्याला सेल असतो, म्हणून तुलनेला चांगला. क्यूएमूमध्ये दोन्ही एकदम जुळतात. अर्धा तास बघत बसले होते.

५ जुलै, शनिवार

खऱ्या मशीनवर चालवायचं म्हणून मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. विक्रोळीहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. पाऊस धो धो, आणि ताडपत्र्यांखाली केबलची भेंडोळी तशीच लटकलेली. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं पण सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. जुना पेंटियम ४ चा बोर्ड मिळाला, मागे नऊ पिनचा सिरियल पोर्ट असलेला, कारण आजकालच्या लॅपटॉपवर तो नसतोच. शिवाय नल मोडेम केबल (दोन मशीन थेट जोडणारी), यूएसबी ते सिरियल केबल आणि सीआर२०३२ सेल, बोर्डवरचा मेलेला होता. दुकानदार काका चौकशी करत होते की एवढा जुना कशाला, सांगितलं तर त्यांनी स्वतः रॅम लावून चालवून दाखवला, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून दिला.

६ जुलै, रविवार, आषाढी

खिचडी खाऊन बसले. पेनड्राइव्हवरून ग्रब (कर्नल लोड करणारा प्रोग्रॅम), ग्रबवरून माझा कर्नल, खऱ्या मशीनवर पहिल्या फटक्यात बूट! कीबोर्ड चालला. लॅपटॉपवर सिरियलच्या ओळी येताना दिसल्या. ९६०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट) ठेवलाय, सगळीकडे चालतो म्हणून.

पण घड्याळ मागे पडतंय. पाच मिनिटांनी बघितलं तर माझं घड्याळ आरटीसीच्या १९-२० सेकंद मागे, दहा मिनिटांनी ३९. परत रिसेट करून दहा मिनिटं, परत ३९. यादृच्छिक काही असतं तर दोनदा सारखा आकडा आला नसता. क्यूएमूमध्ये मात्र शून्य फरक.

१२ जुलै, शनिवार

आठवडाभर ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये हेच डोक्यात. काय काय संशय घेतला ते लिहून ठेवते. भाजक चुकला? नाही, तोच क्यूएमूमध्ये बरोबर. बोर्डचा क्रिस्टल खराब? ६-७ टक्के चूक क्रिस्टलमध्ये नसते, क्रिस्टल दहा लाखात काही दहा-वीस भाग इकडेतिकडे होतो. मग वाटलं बायॉस मधूनमधून सिस्टम मॅनेजमेंट मोडमध्ये जाऊन वेळ खातोय, जुने बोर्ड यूएसबी कीबोर्ड जुन्यासारखा दाखवायला तसं करतात, म्हणून बायॉसमधून ते बंद केलं. तरी ३९.

शेवटी स्टेटसची ओळ सेकंदाऐवजी दर दहा सेकंदांनी केली, आणि फरक दहा मिनिटांत ४ सेकंदांवर आला. म्हणजे ओळ छापणंच दोषी आहे, छापायला काहीतरी लागतंय आणि त्या वेळात टिक हरवतायत. पण टिक हरवते म्हणजे कुठे जाते? आयएफ बंद असताना आलेला इंटरप्ट पीआयसी लक्षात ठेवतो असंच सगळीकडे लिहिलंय.

रात्री जेवताना बाबांना सांगत होते. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, तीस वर्षं. ते म्हणाले, "अगं, घंटी एकच असते. एका स्टॉपला पाचजणांनी सांगितलं की उतरायचंय, तर मी काय पाच घंट्या मारू? एकच मारायची. ड्रायव्हरला एवढंच कळतं की कुणीतरी उतरतंय. किती उतरले ते घंटी सांगत नाही."

पान तसंच ठेवून उठले, हात धुतले आणि डेटाशीट उघडली. ८२५९ च्या आत प्रत्येक लाइनसाठी "विनंती आलीये" याचा एकच बिट आहे. एकच! एक टिक आली की तो बिट १ होतो, दुसरी आली तरी १, तिसरी आली तरी १ च. किती आल्या हे कुठेच साठत नाही.

१३ जुलै, रविवार

आता हिशोब. ९६०० बॉड, एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ओळ ८० अधिक ओळ संपवणारी दोन, ८२ अक्षरं, साधारण ८५ मिलिसेकंद. आणि मी काय केलंय, तर ही ओळ टाइमरच्या हँडलरमध्येच छापतेय, प्रत्येक अक्षराला "आधीचं गेलं का" असं पोर्टला विचारत थांबून. माझ्या आयडीटीत इंटरप्ट गेट आहे, त्यातून आत शिरलं की प्रोसेसर स्वतःच आयएफ बंद करतो. म्हणजे जवळपास ८५ मिलिसेकंद दार बंद. दर १० मिलिसेकंदाला टिक, म्हणजे तेवढ्यात ८ टिक येऊन ठोठावून गेल्या, त्यातली एक बिटात राहिली, ७ गेल्या.

दर सेकंदाला ७ म्हटलं तर दहा मिनिटांत ४२०० टिक, ४२ सेकंद. पण मला तर ३९ दिसतायत. इथे अडकले होते, आणि मग लक्षात आलं की ओळ दर खऱ्या सेकंदाला छापली जात नाहीये, माझ्या मोजलेल्या १०० टिकना छापली जातेय, आणि माझ्या १०० टिक व्हायला खऱ्या १०७ टिकचा वेळ लागतो. ६०० भागिले १.०७, ५६०.७. फरक ३९.३ सेकंद. वहीवर हा आकडा आला तेव्हा अंगावर काटा आला खरंच. अख्खा आठवडा जे भूत वाटत होतं ते साध्या भागाकारात बसलं.

क्यूएमूमध्ये का दिसलं नाही तेही उघड आहे आता, तिथे सिरियलचा बाइट लिहिला की लगेच निघून जातो, ९६०० बॉडची वाट बघावीच लागत नाही.

२० जुलै, रविवार

उपाय काय तर हँडलरमध्ये थांबायचंच नाही. छापणाऱ्याने अक्षरं ४०९६ बाइटच्या रिंग बफरमध्ये (शेवट आला की परत सुरुवातीपासून भरायची जागा) टाकून निघून जायचं, आणि सिरियल चिप रिकामी झाली की तिनेच लाइन ४ वर इंटरप्ट मारून पुढचं मागायचं. ही १६५५० चिप, आत १६ बाइटची रांग असते. एका वेळी १६ भरले की सगळी ओळ ६ इंटरप्टमध्ये जाते.

लिहिलं, बोर्डवर चालवलं, एकही इंटरप्ट नाही. पीआयसीचा मास्क (कुठल्या लाइन बंद ठेवल्यात ते) बघितला, आयडीटी बघितली, चिपमधला इंटरप्टचा बिट बघितला, सगळं बरोबर. शेवटी सापडलं ते असं की पीसीमध्ये या चिपची इंटरप्टची तार मोडेम कंट्रोल रजिस्टरमधल्या आउट२ नावाच्या बिटातून जाते, तो १ केला नाही तर चिप कितीही ओरडू दे, पीआयसीपर्यंत आवाज जातच नाही. पोर्ट हेक्स ३एफसी वर ०बी लिहिलं, चालू.

अजून एक गोष्ट, जी मला नीट लक्षात ठेवायचीये. या जुन्या लाइन एज ट्रिगर असतात, म्हणजे पीआयसी लाइन खालून वर जातानाच बघतो. चिपकडे एकाच वेळी दोन कारणं असली, समजा पाठवायचं संपलं आणि तिकडून एक अक्षरही आलं, आणि मी एकच कारण निपटून बाहेर पडले, तर लाइन वरच राहते, नवीन चढ कधी येत नाही, आणि सिरियल कायमचा मुका होतो. म्हणून हँडलरने चिपला "अजून काही?" विचारत राहायचं, ती नाही म्हणेपर्यंत, आणि मगच बाहेर पडायचं.

२६ जुलै, शनिवार

आज घरी सकाळपासून २००५ च्याच गोष्टी, वीस वर्षं झाली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, बाबा त्या रात्री बसमध्येच होते. दुपारनंतर बसले.

नवीन त्रास असा की घड्याळ जुळतंय पण लॉगमधली काही अक्षरं गायब आणि काही दोनदा. बफरचे दोन निर्देशक, टाकण्याचा आणि काढण्याचा, ते मुख्य कोड आणि हँडलर दोघंही बदलतात, मध्येच इंटरप्ट आला की गोंधळ. म्हणून टाकण्याच्या आधी सीएलआय (आयएफ बंद) आणि नंतर एसटीआय (आयएफ चालू) घातलं होतं. तरी गोंधळ! कारण तेच छापण्याचं फंक्शन टाइमरच्या हँडलरमधूनही बोलावलं जातं, जिथे आयएफ आधीच बंद असतो, आणि माझं एसटीआय तो सरळ चालू करून टाकतं, हँडलर अर्धवट असतानाच. ईओआय मी सुरुवातीलाच देते, त्यामुळे टाइमरच्या आत परत टाइमर शिरत होता.

बरोबर पद्धत अशी की आधी फ्लॅग्ज जपून ठेवायचे, मग सीएलआय, काम, आणि शेवटी जे होतं तेच परत. बंद होतं तर बंदच राहील. लिनक्समध्ये स्पिनलॉकच्या (सामायिक डेटाला एका वेळी एकच जण हात लावेल असं कुलूप) इरक्यूसेव्ह वाल्या प्रकारात नेमकं हेच आहे, नाव कित्येकदा वाचलं होतं पण "सेव्ह" कशाचं ते आज कळलं.

३ ऑगस्ट, रविवार

रिकाम्या वेळी प्रोसेसर झोपवायचा म्हणून एचएलटी, इंटरप्ट येईपर्यंत प्रोसेसर थांबवणारी इन्स्ट्रक्शन. आधी सीएलआय करून बघायचं काम आहे का, नसेल तर एसटीआय आणि एचएलटी. मला भीती होती की एसटीआय आणि एचएलटीच्या बरोब्बर मध्ये इंटरप्ट आला तर काम येऊन पडलेलं आणि प्रोसेसर झोपलेला. पण इंटेलने याची सोय करून ठेवलीये, बंद असलेला आयएफ एसटीआयने चालू केला तरी पुढची एक इन्स्ट्रक्शन होईपर्यंत इंटरप्ट घेतला जात नाही. म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटून लिहायच्या, मध्ये एकही ओळ नको. बोर्डवरचा पंखा शांत झाला लगेच.

१० ऑगस्ट, रविवार

आज कोड नाही, लिनक्स कसं करतं ते वाचलं. ऑफिसातले एक सीनियर डिव्हाइस ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारे प्रोग्रॅम) लिहितात, त्यांना माझी ३९ सेकंदांची गोष्ट सांगितली होती तर ते म्हणाले, "तू चुकून टॉप हाफमध्ये बॉटम हाफ लिहिलास." बरोबरच आहे. हँडलरने (हा टॉप हाफ) हार्डवेअरपुरतं तातडीचं तेवढं करायचं, पोचपावती, डेटा उचलणं, बाकीचं (हा बॉटम हाफ) नंतर, इंटरप्ट चालू ठेवून. लिनक्समध्ये त्यासाठी सॉफ्टआयआरक्यू आहे, वर्कक्यू आहे, आणि २००९ च्या २.६.३० पासून हँडलरचा मोठा भाग सरळ थ्रेडमध्ये चालवायची सोय आहे.

आणि वेळ तर आता टिक मोजून काढतच नाहीत. स्वतंत्र चालणारा काउंटर असतो, तो वाचायचा, मग टिक हरवली तरी वेळ हरवत नाही. बाबांनी दुसरं वाक्य घंटीच्या त्याच दिवशी म्हटलं होतं, मी तेव्हा उठून गेले म्हणून राहिलं, "किती ते तिकिटांवरून मोजायचं, घंटीवरून नाही."

लॅपटॉपवर लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्सची फाइल उघडून बघितली, प्रत्येक कोअरला वेगळा रकाना, आणि बऱ्याच नोंदी एमएसआयच्या (मेसेजने येणाऱ्या इंटरप्टच्या). त्यात वेगळी तारच नसते, डिव्हाइस एका ठराविक पत्त्यावर मेमरीत लिहितं आणि तेच इंटरप्ट म्हणून लोकल एपिककडे (प्रत्येक कोअरच्या स्वतःच्या इंटरप्ट कंट्रोलरकडे) पोचतं. माझ्या कर्नलमध्ये एपिक आणायचंय, पण आधी घड्याळाचा निकाल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबायचं नाव नाही, लोकलचे हाल, घरूनच काम. खिडकीशी बोर्ड ठेवला होता तो उचलून कपाटावर ठेवला आणि सकाळी सातला चालू केला, स्टेटस परत दर सेकंदाला, ९६०० बॉडवरच. मुद्दाम तेच ठेवलं, बॉड वाढवून सुटणारा प्रश्न मला सोडवायचा नव्हता.

सिरियलचा हँडलर किती वेळ घेतो ते प्रोसेसरच्या टाइमस्टॅम्प काउंटरने मोजलं, साधारण २५ मायक्रोसेकंद. आधी तेच काम जवळपास ८५ मिलिसेकंद दार अडवून बसत होतं.

संध्याकाळी सातला बारा तास झाले. फरक १ सेकंद. भाजक ११९३१.८ च्या जागी ११९३२ घेतलाय त्याचाच बारा तासांत पाऊण सेकंदाच्या थोडा आत हिशोब येतो, राहिलेला दोन क्रिस्टलमधला. बाबा कपाटापाशी उभं राहून चष्मा वर करून दोन्ही आकडे वाचत होते, म्हणाले, "दोन्ही बरोबरच चाललीत की." बोर्ड बंद केला नाहीये, रात्रभर चालू दे.